अण्णांच्या रॅलेचं कूळ

जुन्या सायकलचं कूळ ओळखायचं असेल तर आधी तिचं चेनव्हील बघावं. पुढचा बिल्ला बदलता येतो, रंग तर कुणीही मारून देतं. पण पायडलच्या त्या मोठ्या चक्रातलं नक्षीकाम सहसा कुणी बदलत नाही. बीएसएच्या चक्रात कंपनीची तीन अक्षरंच कोरलेली असतात. ही बर्मिंगहॅमची मूळची बंदुका करणारी कंपनी, म्हणून तिच्या बिल्ल्यावर तीन रायफली असत. रज-व्हिटवर्थच्या चक्रात उघडा पंजा दिसतो, हंबरच्या चक्रात छोट्या मानवाकृती आणि रॅलेच्या चक्रात लांब चोचीची बगळ्यांची डोकी. आमच्या घरच्या सायकलमध्ये हे बगळे आहेत. चेनकव्हर उतरवून वर्षानुवर्षांचं ग्रीस रॉकेलने धुतलं, तेव्हा ते पहिल्यांदा लख्ख दिसले.

सायकल माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात टर्नर होते आणि कुंडलहून रोज हिच्यावरूनच कामाला जायचे. ते गेल्यावर सायकल माझ्याकडे पुण्याला आली. ती नीट करायची म्हणून एकेक भाग सुटा करत गेले, तसं कळत गेलं की यातला जवळजवळ प्रत्येक भाग निराळ्या गावचा आणि निराळ्या काळातला आहे. सांगाड्याचा आराखडा कॉव्हेंट्रीचा, टायरची युक्ती बेलफास्टची, बगळे नॉटिंगहॅमचे, जुळणी आसनसोलची, फ्रीव्हील लुधियानाचं. आणि एक भाग कुंडलचा. त्याच्याकडे नंतर येते.

सायकलचा इतिहास साधारणपणे १८१७पासून सांगतात. जर्मनीत मानहाइमला कार्ल फॉन ड्राईसने दोन चाकांची एक लाकडी गाडी केली होती. तिला पायडल नव्हते, जमिनीवर पाय मारत पुढे जायचं. पायडल आले ते फ्रान्समध्ये, १८६०च्या दशकात, आणि तेही थेट पुढच्या चाकाला. तिथून खरी अडचण सुरू झाली. पायडल चाकालाच जोडलेला, म्हणजे पायाचा एक फेरा तेव्हा चाकाचाही एकच फेरा. वेग हवा असेल तर चाक मोठं करण्यावाचून इलाज नव्हता. जुन्या चित्रांत दिसणारी पुढे अजस्र आणि मागे चिमुकल्या चाकाची सायकल आली ती या गणितातून. चाक किती मोठं असावं हे चालवणाऱ्याच्या पायांच्या लांबीवर ठरायचं. उंच तरुण वेगात जायचा, बुटक्याला ते साधत नसे. खड्डा आला की माणूस डोक्यावरून पुढे फेकला जायचा.

हे गणित सोडवलं ते साखळीने. हान्स रेनोल्डने १८८०मध्ये मँचेस्टरला बुश आणि रोलरची साखळी केली. तशीच साखळी आजही प्रत्येक सायकलवर असते. १८८५मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लेने साखळीने मागचं चाक फिरवणारी आणि दोन्ही चाकं जवळपास सारखी असलेली 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. उंच चाकाच्या सायकली नावारूपाला आणणारा जेम्स स्टार्ले हा त्याचा सख्खा काका. काकाने वाढवलेली जात पुतण्याने मोडीत काढली. रोव्हरनंतर थोड्याच वर्षांत दोन त्रिकोणांचा जो सांगाडा रूढ झाला, तो अण्णांच्या सायकलपर्यंत जवळजवळ तसाच आला.

साखळीने नेमकं काय साधलं ते घरच्या सायकलवर मोजता येतं. आमच्या चेनव्हीलला ४८ दाते आहेत, मागच्या फ्रीव्हीलला १८ आणि चाक २८ इंची. पायडलचा एक फेरा झाला की चाकाचे पावणेतीनहून थोडे कमी फेरे होतात आणि सायकल सुमारे ६ मीटर पुढे जाते. ५४ इंची उंच चाकावर बसलेला धाडसी गडी एका फेऱ्यात सव्वाचार मीटरच्या आसपास जायचा. अण्णा उंचीने बेताचेच होते. पाय जमिनीला टेकत असताना माणसाला वेग मिळू लागला तो इथून, आणि म्हणून सायकल शर्यतीच्या हौशी गड्यांकडून कामावर जाणाऱ्या माणसांकडे आली.

टायरची गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण तिच्या मुळाशी बाप आणि मूल आहे. जॉन बॉइड डनलॉप हा स्कॉटिश माणूस, बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर होता. त्याच्या लहान मुलाच्या तीनचाकीची भरीव रबराची चाकं दगडी रस्त्यावर सारखी आदळायची. डनलॉपने त्यांच्यावर हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे ते टिकलं नाही, कारण रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५मध्येच अशा टायरचं पेटंट घेतलेलं होतं. तरीही जग डनलॉपचंच नाव घेतं, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. थॉमसनची कल्पना काळाच्या फार आधी आली, तेव्हा ती बसवायला सायकलच नव्हती. १९३६मध्ये हुगळीकाठी साहागंजला डनलॉपचा कारखाना निघाला आणि त्यानंतर खेडोपाडीच्या दुकानांत टांगलेल्या टायरांवर हे नाव वर्षानुवर्षं दिसत राहिलं.

१८८८ हे साल या कुळात तीनदा येतं. पहिलं डनलॉपच्या पेटंटमुळे. दुसरं नॉटिंगहॅममध्ये. फ्रँक बोडेन नावाचा धनिक प्रकृती खालावून इंग्लंडला परतला होता. डॉक्टरांनी त्याला सायकल चालवायला सांगितलं, तब्येत सुधारली आणि नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवरचा सायकलींचा छोटा कारखानाच त्याने हाती घेतला. १८८८च्या अखेरीस त्याची रॅले सायकल कंपनी झाली. तिसरी नोंद बेळगावची. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात होते. या भावांनी त्याच वर्षी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. त्याच धंद्यातून पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला, आणि १९१०मध्ये औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

म्हणजे अण्णा ज्या कारखान्यात लेथवर उभे राहत त्याचं मूळ सायकलच्या दुकानात होतं, आणि ते तिथे ज्या सायकलवरून जात तिचं मूळ त्याच सालातलं. अण्णांना हे माहीत होतं की नाही हे मी कधी विचारलं नाही. कारखान्यातल्या जुन्या माणसांत बेळगावच्या दुकानाची गोष्ट सांगितली जायची, तेव्हा बहुधा असावं.

हिंदुस्थानात पहिली काही दशकं सायकल ही साहेबाची, वकिलाची, डॉक्टरची चीज. पुढे ती शिक्षक, पोस्टमन, दूधवाला यांच्यापर्यंत आली, पण माल विलायतीच. हर्क्युलस, फिलिप्स, बीएसए, हंबर, रॅले ही नावं आपल्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत वरळीला बिर्लांचा हिंद सायकल्स कारखाना आला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि विलायती कंपन्यांना इथे भागीदार शोधणं भाग पडलं. मद्रासजवळ अंबत्तूरला मुरुगप्पा घराण्याच्या टीआय सायकल्सने हर्क्युलस काढायला सुरुवात केली. बंगालमध्ये आसनसोलला सुधीर कुमार सेन यांच्या पुढाकाराने सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला. १९५१मध्ये सोनीपतला जानकीदास कपूर यांची अॅटलस आली, १९५६मध्ये लुधियानाला मुंजाल बंधूंची हिरो. एका दशकात देशाची सायकल देशात तयार व्हायला लागली. आपल्या उद्योगांच्या इतिहासात पोलादाचे कारखाने आणि धरणं यांना मोठा मान मिळतो आणि तो रास्तच आहे. पण सामान्य माणसाच्या पायाखाली पहिल्यांदा आलेलं देशी यंत्र सायकल होतं, याची दखल फार कमी घेतली गेली असं मला वाटतं.

अण्णांनी सेन-रॅले घेतली ती सांगलीच्या दुकानातून, १९६१मध्ये, सोसायटीचं कर्ज काढून. सीटखालच्या नळीवर चिकटचित्राची काही अक्षरं अजून शिल्लक आहेत. काळा रंग, त्यावर बारीक सोनेरी रेघ, पुढच्या चाकाला ३२ स्पोक आणि मागच्याला ४०, कारण भार मागच्या चाकावर पडतो. वजन वीस किलोच्या आसपास. आजच्या सायकलवाल्या मुलांना हे वजन ऐकून आश्चर्य वाटतं. पण ही सायकल मळ्याच्या वाटेने उसाच्या मोळीसकट जायची होती. तिचा पुढचा चिमटा पुढे वाकवलेला आहे आणि सांगाडा मागे कललेला, म्हणजे खड्ड्याचा दणका हातात येण्याआधी पोलादातच थोडा जिरतो. घाट चढायला ती जड, पण वाईट रस्त्यावर ती माणसाला थकवत नाही.

तिचे ब्रेक दांड्यांचे. केबलच्या ब्रेकला सवयीने लोक चांगला म्हणतात, पण खेड्यात केबल तुटली की ब्रेक संपला. दांडीचा ब्रेक लोहाराकडेही दुरुस्त व्हायचा. हँडलखालची मूठ दाबली की पुढची दांडी ब्रेकचा नाल वर ओढते आणि रबराचे गट्टे रिमच्या आतल्या बाजूला घासतात. मागच्या ब्रेकचा मार्ग लांबचा आहे. हँडलवरून निघालेली हालचाल खालच्या नळीला लागून मागे जाते आणि वाटेत दोन ठिकाणी काटकोनात वळते. वळणाच्या प्रत्येक सांध्यावर एक छोटं पाळं आणि एक खीळ. वर्षानुवर्षं माती आणि पाणी जाऊन या सांध्यातलं गोल भोक लांबट होतं. मग ब्रेक दाबला की आधी नुसती खळखळ होते आणि लागायला उशीर होतो.

कुंडलचा भाग तो हाच. पायडलच्या एक्सलजवळच्या सांध्यात एक पितळी बुश आहे, करंगळीच्या पेराहूनही लहान. नव्या सेन-रॅलेत तो नव्हता, तिथे पोलादावर पोलाद फिरत असे. अण्णांनी झिजलेलं भोक रीमरने साफ केलं, पितळेचा तुकडा घेऊन तो भोकापेक्षा एक-दोन थाऊ, म्हणजे इंचाचे एक-दोन हजारांश, जाड कातला, आतून खिळीच्या मापाचं भोक पाडलं आणि बुश ठोकून बसवला. कामाच्या लेथवर घरचं काम करायचं नाही हा त्यांचा नेम होता, म्हणून रविवारी गावातल्या एका वर्कशॉपमध्ये बसून हे केलं. वरच्या बाजूला त्यांनी तेल सोडायला सुईएवढं छिद्र पाडून ठेवलं होतं. मी बुश बाहेर काढून पाहिला. त्यावर लेथच्या पात्याच्या सारख्या अंतराच्या बारीक रेषा अजून आहेत. कडा मोडून गोल केलेल्या, जेणेकरून हाताला लागू नये. तो भाग कधीही कुणाच्या हाताला लागणार नव्हता.

कॉटर पिनेचंही तसंच. या सायकलींची क्रँक एका बाजूने सपाट असलेल्या पिनेने एक्सलला पकडलेली असते. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालाव्या लागतात, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत आणि चालवताना दर फेऱ्याला पाय अडखळतो. बाजारातली पिन घासल्याशिवाय नीट बसत नाही. अण्णा ती कानशीने घासून, काजळी लावून घालून बघायचे आणि काळा डाग कुठे पडला त्यावरून पुन्हा घासायचे. 'पोरी, पिन ठोकून बसवायची नसती, बसली की मग ठोकायची असती,' असं ते मला सांगायचे. त्या वेळी मी कंदील धरून उभी असायची आणि मला खेळायला जायचं असायचं.

सायकल मी याच सायकलवर शिकले. दांडीची पुरुषी सायकल, म्हणून आधी त्रिकोणातून पाय घालून हाफ पायडल, मग फुल पायडल, मग दांडीवर बसून आणि सगळ्यात शेवटी सीटवर. अण्णा मागे कॅरियर धरून पळायचे. मुलींना सायकल शिकवणं कुंडलला तेव्हा अगदी रूढ नव्हतं. त्यावर घरात काही चर्चा झाली असेल तर ती माझ्या कानावर आली नाही. हायस्कूलला जाताना ती माझ्याकडे असायची, त्या दिवशी अण्णा पहाटे चालत निघायचे.

हँडलच्या नटाखाली एक पातळ पितळी बिल्ला अडकलेला आहे. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलींवर वर्षाचा कर घेत आणि पावतीसोबत असा बिल्ला देत. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलात, तर पोलीस अडवत आणि कधी चाकातली हवाही सोडत. आमचा बिल्ला मिरजेचा. लग्नानंतर थोडे दिवस अण्णा आणि आई मिरजेत राहिले, त्या काळातला. त्यावरचं साल झिजलं आहे. आईला विचारलं, तर ती म्हणाली की बिल्ला घ्यायला दोघं एकत्र गेले होते आणि येताना डबलसीट आले होते. डायनमो त्यानंतरचा, ६ व्होल्ट आणि ३ वॅटचा. टायरला टेकवला की सायकल जड व्हायची, म्हणून चांदणी रात्र असेल तर अण्णा तो लावत नसत.

१९७२मध्ये पुण्याच्या कायनेटिकची लुना आली. अण्णांच्या बरोबरीच्या बऱ्याच जणांनी ती घेतली. अण्णांनी घेतली नाही, त्याचं कारण पैसा होता, तत्त्व नव्हतं. नंतर पैसा आला तेव्हा सवय होती. तोवर सेन-रॅलेच अडचणीत आली होती. १९८०मध्ये संसदेने कायदा करून हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. बगळ्यांचे सुटे भाग बाजारातून कमी होत गेले आणि त्यांची जागा लुधियानाने घेतली. आमचं फ्रीव्हील, मागचा हब, पायडल, कॅरियर, सगळं लुधियानाचं आहे. हे भाग स्वस्त होते, सगळीकडे मिळत होते आणि बसतही होते, कारण जगभरच्या काळ्या सायकलींची मापं इंग्लंडमधल्या त्या जुन्या मापांनाच धरून राहिली. १९८६मध्ये जगात सर्वाधिक सायकली बनवणारी कंपनी म्हणून हिरोची गिनीज बुकात नोंद झाली. २००२मध्ये नॉटिंगहॅमचा रॅलेचा कारखाना बंद झाला. त्या जागेवर आज नॉटिंगहॅम विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस आहे. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२०मध्ये ३ जूनला बंद पडला, जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. नॉटिंगहॅमचा बंद झाला तेव्हा अण्णा अजून बाजाराला याच सायकलवरून जात होते.

जुन्या सायकली जमवणारे एक जाणकार गृहस्थ ही सायकल बघायला आले होते. त्यांना वस्तूची खरी कदर होती. त्यांनी प्रत्येक भागावर बोट ठेवून कुठला मूळचा आणि कुठला नंतरचा हे सांगितलं, आणि त्यांची एकही गोष्ट चुकली नाही. मूळचे भाग मिळवून देण्याचीही त्यांनी तयारी दाखवली. पुढच्या जुन्या हबवर, बगळ्यांच्या चक्रावर हात फिरवताना त्यांचा चेहरा खुलला होता. मग त्यांनी पितळी बुशकडे बघून 'हा काढून टाकू,' असं म्हटलं.

मी नाही म्हटलं, आणि त्यामागे नुसती माया नाही. पुण्यात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, तिथे मूळ भागांची सायकल असायलाच हवी, कारण कारखान्याने काय बनवलं हे पुढच्या माणसाला तिथे कळायचं असतं. पण घरातली सायकल कारखान्याची साक्ष देत नाही, ती चालवणाऱ्याची देते. आणि मूळ म्हणजे तरी काय? नवी कोरी असतानाही ही सायकल स्टार्लेचा सांगाडा, रेनोल्डची साखळी, डनलॉपची हवा आणि आसनसोलच्या कामगारांचे हात अशी बनलेली होती. त्यात लुधियाना आणि कुंडल यांनी भर घातली. कारखान्याने केलेलं काम जपायचं आणि टर्नरने केलेलं काढून टाकायचं, हा भेद मला मान्य नाही. लुधियानाचं फ्रीव्हील राहील. मिरजेचा बिल्ला राहील. बुश पुन्हा जागेवर बसवला आहे आणि छिद्रातून तेल सोडलं की मागचा ब्रेक खळखळ न करता लागतो.

तुमच्या घरी, गावच्या गोठ्यात, जिन्याखाली अशी सायकल पडून असेल, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी एवढं करा. चेनकव्हर काढून चेनव्हीलवरची नक्षी बघा. सीटखालच्या नळीवरचा नंबर लिहून घ्या. बिल्ले, पावत्या, डायनमो फेकू नका. आणि घरातलं सगळ्यात वयस्क माणूस अजून असेल तर त्याला शेजारी बसवून प्रत्येक भाग कधी बदलला, का बदलला आणि कुणी बसवला हे विचारून वहीत लिहून ठेवा. मी हे अण्णा असताना केलं असतं तर इथे आणखी बरंच लिहिता आलं असतं.